माघारी धाडायचं राहिलं

६ जानेवारी

पतपेढीची डायरी दरवर्षी मिळते आणि दरवर्षी तिच्यावर गरम टोप ठेवला जातो. यंदा मात्र लिहायचं ठरवलंय. मे महिन्यात माझ्या लेकीचं, प्राप्तीचं लग्न आहे, आणि मला त्यातलं काही विसरायचं नाही. माझा नवरा सदा असता तर सगळं त्यालाच सांगितलं असतं. तो अर्ध्यात घोरायला लागला असता आणि मी त्याला कोपर मारून उठवलं असतं. वहीला कोपर मारता येत नाही, एवढाच फरक.

उद्या प्राप्तीची पोरं वाचतील म्हणून नीट सांगते. मी सुचिता, धाकट्या खार गावची धवलारीण. आमच्या आगऱ्यांत लग्न लावायचं ते धवलारणीने, धवले गाऊन. मला सासूने शिकवलं. आमच्या घराची रीत अशी, की आधी देवांना बोलवायचं, मग शिवेला, खाडीला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. नाव घेतलं की ते माणूस मांडवात येतं आणि आपल्या लेकरांचं लग्न बघतं. मांडव उतरायच्या आधी पुन्हा एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना माघारी धाडायचं. सासूचं एकच सांगणं असायचं, "धाडाचा नसंल तं बोलवू नको." मी विधवा असून लग्न लावते याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आमच्या गावात चालतं. ज्यांना चालत नसेल त्यांनी डीजे लावावा.

सदा ट्रक चालवायचा. वडखळ नाक्याजवळ उलटला आणि गेला. तेव्हा प्राप्ती शाळेत होती. तिच्या मांडवात मी त्याचं नाव घेणार, त्याला बोलावणार. दागिने कुठले, जेवणात काय, मंडपाला रंग कुठला, ते पोरं ठरवू देत. मला तेवढंच हवंय.

१४ जानेवारी

प्रत्येक गेलेल्या माणसाला त्याची स्वतःची ओळ लागते, त्याच्या खुणेची. सदाची ओळ मी जुळवतेय. आज बसमध्ये जुळली:

जा रं वाऱ्या, नाक्यावर थांब, सदाला सांग मांडव भरला,
गाडी लाव रं वडाखाली, तुझी खंड्या नवरी झाली.

वड आमच्या अंगणापुढचा, सदा ट्रक तिथेच लावायचा. खंड्या म्हणजे प्राप्ती. लहानपणी बापाच्या ताटातल्या माशावर अशी झडप घालायची, की खाडीवरच्या तारेवरून खंड्या पक्षीच सुटला. तेव्हापासून सदा तिला दुसऱ्या नावाने हाकच मारत नसे.

प्राप्तीला ऐकवली. ती उठून आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि म्हणाली, "वडाखाली पार्किंग मिळेल का त्यांना?" मग आम्ही दोघी हसलो.

आता दिवसभर तीच ओळ तोंडात आहे. गॅससमोर, नळावर, पेणच्या बाजारात. भाजीवालीने विचारलं, काय पुटपुटता ओ? म्हटलं, नवऱ्याला बोलावतेय. बिचारीने कोथिंबीर फुकट दिली.

२ फेब्रुवारी

विपुल आला होता. सदाच्या चुलतभावाचा मुलगा. आधी मातीचे डंपर चालवायचा, आता किनाऱ्यावरच्या नव्या रिसॉर्टसाठी लग्नांची कामं घेतो. शर्टाच्या खिशावर त्यांचं चिन्ह शिवलेलं.

"काकी, त्यांना अस्सल पायजे. आगरी बाई, आगरी गाणं. जाहिरात काढतायत."

"लग्न कुणाचं आहे?"

"लग्न असं न्हाय. शूटिंग हाय. नवरी पण भाड्याची."

"मग नाही. लग्नाशिवाय धवला गात नाहीत."

तो चिडला नाही. चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि दारात म्हणाला, "काकी, राग नको मानू. पण गावात तुला आता ऐकतंय कोण?"

राग आला. खरं बोलला म्हणून जास्त आला. यंदाच्या हंगामात मला बोलावणी किती आली ते लिहायचीसुद्धा लाज वाटते.

९ फेब्रुवारी

वरच्या पाड्यात लग्न होतं. देव झाले, शीव झाली, नवऱ्या मुलाच्या आज्याचं नाव निम्मं घेतलं आणि डीजेवाल्याने आवाज तपासायला घेतला. एकदा सुरू झाला तो थांबलाच नाही. यजमान लांबून हात जोडत होते, आवरा आता, आवरा. तो आजा दारात चप्पल काढता काढता तसाच उभा राहिला असेल बिचारा. मी त्याला घाईघाईने माघारी धाडलं. ज्याला धड आत घेतला नाही त्याला माघारी तरी काय धाडायचं! रंगू म्हणाली, "चल सुचे, जेवू नको इथं."

रंगू माझ्या मागे ओळ उचलते, सासूच्या वेळेपासून. दात गेले, सूर गेला नाही.

घरी आले आणि विपुलला फोन केला. प्राप्तीला अजून सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी

झालं आज. क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी गाडी घ्यायला आली. रिसॉर्टच्या हिरवळीवर मांडव घातलेला, आमच्यापेक्षा चांगला. केळीचे खांब खरे, आंब्याचे टाळे खरे. नवरी मुंबईची मॉडेल. गोड पोर, वाकून पाया पडली. हळद मात्र हळद नव्हती, कसलं तरी पिवळं क्रीम. खऱ्या हळदीचे डाग जात नाहीत म्हणे.

देवांच्या ओळी डायरेक्टरने काढायला लावल्या. "मॅडम, धार्मिक नको, इमोशनल पाहिजे. ते पूर्वजांना बोलावता ना, तेवढंच करा." मी नवरीला विचारलं, बाय, तुझ्या घरचं गेलंय कोण? ती हसली. "टचवुड, सगळे आहेत. आजोबा तर रोज जिमला जातात."

आता आली का पंचाईत? ती ओळ नावाशिवाय पुढे सरकतच नाही. मागून विपुल म्हणाला, "कायपण नाव घे काकी, कोनाला कळतंय."

डोळे मिटले. रामा म्हणेन, गोमा म्हणेन, काहीतरी म्हणेन असं ठरवलेलं. पण महिनाभर दिवसरात्र एकच ओळ घोळवलेली, तोंडाला काय माहीत हे कुणाचं लग्न आहे. आली ती सदाचीच आली. नाका, वड, गाडी, खंड्या, सगळी. थांबायला हवं होतं. थांबले नाही.

कारण हिरवळीवर माझ्याशिवाय कुणाचा आवाज नव्हता. एवढी माणसं, कुणाच्या हातात फोन नाही, सगळी माझ्याकडे बघतायत. कॅमेरावाला बाहीने डोळे पुसत होता. मला आजवर असं कुणी ऐकलेलं नाही. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. पुन्हा गायला सांगितलं, पुन्हा गायले. वेगळ्या बाजूने घेऊ म्हणाले, त्या बाजूनेही गायले.

मग कट, आणि टाळ्या. रंगूने माझ्या लुगड्याला हिसका दिला. "सुचे, त्याला माघारी धाड गो. आदी धाड."

मी डायरेक्टरला सांगितलं, अजून माघारी धाडायचं राहिलंय, पाच मिनिटं द्या. तो म्हणाला, "नको मॅडम, एंडिंग सॅड होईल." मी त्याला समजावेपर्यंत कामगारांनी केळीचे खांब उपटलेसुद्धा. दुपारी त्याच जागी साबणाची जाहिरात होती. मांडवच नाही राहिला, मग धाडू कुठून?

जेवण चांगलं होतं. रंगू जेवली नाही.

१७ फेब्रुवारी

मी म्हणते, खोट्या मांडवातलं बोलावणं खरं कसं होईल? हळद खोटी, नवरी खोटी. आणि सदा आयुष्यात कुठे वेळेवर पोचलाय? आमच्याच लग्नात त्याची वाट बघून माझा मामा दोनदा शिवेवर जाऊन आला होता. गाडी लावायला जागा बघत बसले होते महाराज. तिथेही असाच चुकला असेल.

रंगूला हे बोलून दाखवलं. ती पान लावत राहिली.

३ मार्च

व्हिडिओ आला! विपुलने सकाळीच पाठवला. मागे समुद्र, वारा, आणि मी. माझ्या पदराचं फडफडणंसुद्धा कसं दाखवलंय. सुनामावशीच्या सुनेने फोन केला, पतपेढीतल्या बाईंनी केला, ज्या वरच्या पाड्याने मला आवरतं घ्यायला लावलं तिथल्या यजमानांनीही केला. आता म्हणे त्यांच्या धाकट्याच्या लग्नात पूर्ण धवला हवाय.

प्राप्तीला दाखवायला गेले. तिची परीक्षा आहे, नंतर बघते म्हणाली. पण फोन तिने हातात घेतला होता, आणि परत देताना उलटा दिला.

५ मार्च

व्हिडिओखाली लोक लिहितात. विपुल वाचून दाखवत होता. अंगावर काटा आला, असं एकीने लिहिलंय. दिल्लीच्या कुणीतरी रडका चेहरा टाकलाय. आणि एकाने इंग्रजीत एकच शब्द लिहिलाय, सेलआउट, आणि पुढे मराठीत, "ह्यांना आता माघारी कोण धाडणार?"

मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. नाव टोपणच होतं. फोटो नखाएवढा, त्यात काहीतरी निळं-तांबूस, पाखरासारखं. चष्मा घरी होता.

विपुलला विचारलं, सेलआउट म्हणजे काय रे? म्हणाला, "सगळा माल खपला! हाऊसफुल, काकी! तुझी तारीफच हाय." पण खालची ओळ तारीफ वाटत नाही. माघारी धाडायचं असतं हे बाहेरच्याला कुठून कळणार? नक्की ती उरणकडची ठमी. तीही धवलारीण, आणि माझ्या सासूवर तिच्या सासूचा जुना दात.

११ मार्च

प्राप्ती इंग्रजी घेऊन एम.ए. करते, तिलाच विचारलं. मी भाकऱ्या थापत होते, ती मांदेली साफ करत होती.

"सेलआउट म्हणजे काय ग?"

"कुठे वाचलंस?" मान वर केली नाही.

"विपुल म्हणतो, माल खपला."

"तोही अर्थ आहे. तिकिटं संपली, साड्या संपल्या. माणसाला म्हणतात तेव्हा तो नसतो."

मग तिने समजावून सांगितलं, कॉलेजात शिकवावं तसं. पूर्वी इंग्रजांच्या फौजेत ऑफिसरची जागा विकत मिळायची. नोकरी सोडायची असेल तर ती जागा पुढच्याला विकून निघायचं. त्याला म्हणायचे सेलिंग आउट. ती त्यांची रीतच होती, त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. पुढे दीडशेएक वर्षांपूर्वी अमेरिकेत पैशासाठी आपल्याच माणसांचा सौदा करणाऱ्यांना लोक तसं म्हणायला लागले. मग लिहिणारे, गाणारे, सगळ्यांनाच. "जे विकायचं नसतं ते ज्याने विकलं, तो," प्राप्ती म्हणाली. सुरी हातात तशीच होती.

मी म्हटलं, आपल्यात आहे की शब्द. फितूर.

"फितूर वेगळा, आई. तो उठून शत्रूकडे जातो. हा कुठेच जात नाही. घरातच असतो, आपल्याशी नीट बोलतो, भाकऱ्या करतो." एवढं बोलून तिचं तिलाच कसंतरी झालं. "म्हणजे, उदाहरण दिलं."

"आणि विकत घेतो, त्याला काय म्हणतात?"

"कस्टमर."

बघा. घेणाऱ्याला शिवी नाहीच. मला रागच आला. म्हटलं, मला ठाऊक आहे हे कुणी लिहिलं, त्या ठमीने. प्राप्ती म्हणाली, "ठमीकाकूला इंग्रजी येतं?" म्हटलं, नातवाला येत असेल. ती हात धुवायला उठली ती परत आलीच नाही, मांदेली अर्धी तशीच. लग्नाच्या आधी मुली अशा हळव्या होतात.

पण दुपारभर तो शब्द डोक्यात फिरत राहिला. ऑफिसरने निदान स्वतःची खुर्ची विकली. मी काय विकलं? गळा माझाच होता. ओळही माझीच. नाव तेवढं माझं नव्हतं.

२३ मार्च

"आई, ऋत्विककडच्यांनी भटजी ठरवलाय."

मी म्हटलं, ठरवू देत, भटजीनंतर मी गाते. पूर्वापार असं दोन्ही होतच आलंय.

"नको. त्या दिवशी तू नुसती माझी आई म्हणून बस."

"आणि बाबांना कोण बोलावणार?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यातला एक टॉवेल तिने दोनदा घडी केला, दोनदा मोडला. "बाबांना राहू दे आता. दमले असतील."

मेलेलं माणूस कसलं दमतंय! सासरकडच्यांनी तिला काय काय पढवलंय देव जाणे. होणारा जावई ऋत्विक गुणाचा आहे, बंदरात कंटेनरच्या कामाला आहे, पण आईच्या शब्दाबाहेर नसावा. आमचेच लोक, आणि धवल्याची लाज वाटते त्यांना. पण लेकीच्या सासरशी भांडून कसं चालेल?

रडायचं नव्हतं. रडले.

२ एप्रिल

पेणच्या बाजारात ऋत्विकची आई भेटली. हात धरून म्हणाली, "आमाला तं धवलाच पायजे होता ओ. तुमीच नको बोललात ना?"

काय पण साळसूदपणा! स्वतः नको म्हणायचं आणि वर माझ्याच माथी मारायचं. मी गोड हसले आणि कोकम घेऊन आले.

१९ एप्रिल

रंगूला आज विचारलंच. दुसरीकडून नाही का धाडता येत? घरातून, खाडीवरून?

"ज्या मांडवाच्या दारातून बोलावला त्याच दारातून धाडाचा," ती म्हणाली. "तुज्या सासूनं शिकवला न्हाय काय?"

शिकवला होता.

मग विपुलकडे गेले. म्हटलं, बाबा, मला तिथे मांडवाच्या जागेवर पाच मिनिटं उभी राहू दे, आणि तो व्हिडिओ काढून टाक. तेव्हा त्याने सांगितलं, नुसता व्हिडिओ नाही. रिसॉर्टमधल्या प्रत्येक लग्नात नवरी येते तेव्हा तेच गाणं लावतात. त्याला वाटलं मी खूश होईन. "पंजाब्यांची लग्नं, गुजरात्यांची लग्नं, सगळ्यांना आवडतंय काकी! अर्थ कळत न्हाय, पन रडतात."

म्हणजे प्रत्येक लग्नात सदाला बोलावतात. तो येतो. बघतो तर कुणीतरी भलतीच नवरी. आणि जा म्हणून कुणी सांगत नाही.

"बंद कर ते, विपुल. तुझा काका आहे तो."

"माज्या हातात न्हाय गो काकी. आता ते रिसॉर्टचं झालं. मी पन त्यांचाच माणूस. मालक तर बेंगलोरला, मीच त्यांना एकदाच बघितलंय."

"मग माघारी धाडायची ओळही घे माझ्याकडून. शेवटी तेवढी लाव."

त्याने खरंच विचार केला, कपाळ चोळून. "लावेन गो. पन लावू कधी? नवरी आली की लगेच ड्रिंक चालू होतात. मग कोन ऐकतंय?"

विपुल वाईट नाही. वाईट असता तर कडाकडा भांडले असते. त्याने मला स्कूटरवरून घरी सोडलं.

११ मे

प्राप्तीचं लग्न झालं.

भटजी चांगला होता, झटपट. मी नुसती आई म्हणून बसले. मंगलाष्टकं चालू असताना माझी मान आपोआप डोलत होती आणि तोंडात ती ओळ येऊन थांबत होती. दात घट्ट मिटून बसले. तोंडावर माझा भरवसा उरलेला नाही. रंगू शेजारी होती, तिने माझा हात मांडीवर दाबून धरला होता.

अंतरपाट धरलेला असताना प्राप्तीने मान वळवून वडाकडे बघितलं. अक्षता पडायच्या आधी पुन्हा. हार घालताना पुन्हा. वडाखाली डीजेवाल्याचा टेम्पो लावलेला, दुसरं काही नव्हतं. ऋत्विकचे मित्र उशिरा येणार होते, त्यांची वाट बघत असेल.

जेवणं निम्मी झाल्यावर शेजारचा निकेश आला, वॉचमनच्या गणवेशातच. रिसॉर्टच्या फाटकावर असतो तो. "सॉरी मावशी, सुट्टी न्हाय दिली. आज तिकडं पन मोठं लग्न होतं."

मी वाढायचा डाव खाली ठेवला. आज. म्हणजे आज, लेकीच्या लग्नाच्या दिवशी, सदाला तिकडे बोलावलं. माझ्या आवाजात. आणि इथे मी तोंड मिटून बसलेली.

१५ मे

घर रिकामं आहे. विपुलकडून मुद्दाम व्हिडिओ पुन्हा बघितला. ती सेलआउटवाली कमेंट गेली. ठमीला उपरती झाली म्हणायची.

१७ मे

प्राप्ती माहेरपणाला आली. तिला जेवायला वाढलं, झोपवलं, आणि उन्हं कलल्यावर मी नारळ, तांदूळ पिशवीत घालून रिक्षाने रिसॉर्टवर गेले.

फाटकावर निकेश. मला बघून उभा राहिला, पण बाजूला झाला नाही.

"मावशी, आज बुकिंग हाय. मनगटावर पट्टा असल्याबिगर आत सोडत न्हाय."

"पाच मिनिटांचं काम आहे रे. त्या हिरवळीवर."

"माजी नोकरी जाईल, मावशी." त्याचे डोळे भरून आले. माझ्यामुळे आणखी एकाला रडवायचं मला जिवावर आलं.

मग मी फाटकाबाहेरच, भिंतीला लागून उभी राहिले. तेही दारच. हातात नारळ धरला आणि सुरू केलं:

जेवून झालं, बघून झालं, जा रं सदा, आपल्या घरा...

तेवढ्यात आत स्पीकर लागला. लाटांचा आवाज, मग मी. जा रं वाऱ्या, नाक्यावर थांब. केवढा मोठा आवाज माझा! भिंत थरथरत होती. मी थांबले, ते संपायची वाट बघितली, आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. आत त्यांनीही पुन्हा पहिल्यापासून लावलं, नवरी सावकाश चालत असेल. मी म्हणते जा, आणि मीच म्हणते ये. सदाने कुणाचं ऐकायचं?

मागे स्कूटी थांबली. प्राप्ती. हातातला चुडा अजून नवा कोरा. काही न विचारता ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि रंगू उचलते तशी तिने माझ्या मागे ओळ उचलली. कधी शिकली, मला माहीत नाही. मी तिला कधी शिकवलं नव्हतं. दोघी जिवाच्या आकांताने गात होतो आणि निकेश फाटकाच्या आत पाठ करून उभा होता.

आतलं गाणं पुन्हा त्या ओळीवर आलं, तुझी खंड्या नवरी झाली. कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या. प्राप्तीचा सूर तिथेच तुटला. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, नारळ माझ्या हातात न फोडलेला.

"आई, किती वेळा बोलावतील ग बाबांना?"

मी म्हटलं, "बुकिंग असेल तितक्या वेळा."